आडव्या टहाळ्याची वाट

माझं नाव चांगू, आडनाव काय लिवायचं ते तुमी बगा ताई, आमच्या वाडीत सगळ्यांचं एकच हाय. वाडी म्हंजे कर्जतच्या कोंडाण्याच्या वरल्या अंगाला, लेणी बगायला पब्लिक जातं ती वाट सोडायची आन् डाव्या हाताला चढायचं, बावीस घरं. समोर दरीच्या पल्याड रेल्वेचा घाट, ठाकुरवाडीवरून गाडी निघाली का तिच्या इंजिनांचा घरघराट आमच्या चुलीपाशी ऐकू येतो. आमी त्या आवाजातच जन्माला आलो आन् त्यातच मरणार. जन्म कधीचा म्हणाल तर आई सांगायची, तू नाचणी कापायच्या दिवसांतला. वर्ष तिला बी म्हायती नाय, मला बी नाय, आधार कार्डावर एक जानेवारी लिवलंय, आमच्या वाडीत सगळेच एक जानेवारीला जन्मलेत, बगा गंमत.

आमी दोघं भाऊ. थोरला पदू, मी धाकला. बाप लवकर गेला, तवा पदूनंच मला वाढवलं म्हणा ना. मासं धरायला त्यानंच शिकवलं. पाणी कुठं हाय ते नाकानं नाय, डोळ्यानं वळखायचं असतं. उंबर कुठं दाटलाय, बगळा संध्याकाळचा कुठून उडतोय, गुरांची खुरं कुठल्या बाजूला वळलीत, एवढं बगितलं का पाणी सापडतंच. आन् पाणी सापडलं का मासा किती खोल बसलाय ते काठावरच्या शेवाळावरनं कळतं. मला हे कुणी पुस्तकातनं शिकवलं नाय, पदूनं शिकवलं. आता याच इद्येवर माझं पोट चाललंय.

कसं ते सांगतो. पनवेलची, मुंबईची, मोहोपाड्याच्या कंपन्यांतली माणसं सुट्टीला गळ घेऊन येतात. त्यांना मोठ्या धरणावर जायचं नसतं, तिथं म्हणं गर्दी असते. त्यांना पायजे कुणाला म्हायती नसलेलं पाणी. मंग चांगूला फोन. मी नेतो. खालापूरकडं जुन्या दगडाच्या खाणी हायेत, पावसाचं पाणी भरून तळी झालीत, तिथं मरळ चांगली लागते. काही जुनी तळी आता फार्महाऊसच्या भिंतीआड गेली, तिथल्या वॉचमनला बोलून घ्यावं लागतं. डोंगरातले ओढे हायेत, एकेका डोहाला आमच्यात नाव हाय, म्हातारीचा डोह, वाघदगडीचा डोह. आन् ही माणसं काय करतात म्हायती हाय का, हजारांची काठी, चाक लावलेलं, दोन तास उन्हात बसायचं, मासा लागला का त्याला मांडीवर घेऊन फोटो काढायचा आन् परत सोडून द्यायचा. पयल्या वेळेला मी म्हणालो, सायेब, तव्यावर काय फोटो टाकणार का? लय हसला तो. पन माणसं वाईट नाय हां, मला जेवण देतात, मान देतात.

आता मी तुमाला जी गोष्ट सांगायला बसवलंय ती वायली हाय. ती सांगायच्या आधी आमची एक रीत सांगाया पायजे, नायतर तुमाला काय समजायचं नाय.

आमी जंगलात जातो तवा सगळे एकदम जात नाय. एक जण पुढं जातो, बाकीचे कामं उरकून मागनं येतात. आन् जंगलात हाका मारायच्या नसतात. मंग मागच्याला कसं कळायचं पुढचा कुठं गेला? तर जिथं वाटेला फाटा फुटतो तिथं पुढच्यानं एक हिरवा टहाळा तोडायचा आन् आपण ज्या वाटेनं गेलो नाय त्या वाटेवर आडवा टाकायचा. बस. मागचा येतो, टहाळा बगतो, ती वाट सोडतो, दुसरी धरतो. टहाळा ओलांडायचा नाय. हे आमच्यात अंगात भिनलेलं हाय, पोर चालायला लागलं का त्याला पयलं हेच. तुमच्यासारखं माणूस बगंल आन् म्हणंल, पाला पडलाय, आन् ओलांडून जाईल. आमचा माणूस नाय जाणार. मोकळ्या वाटेत खड्डा दिसला तरी टहाळ्याचंच ऐकंल.

आमच्या वाडीवरनं वर चढलं का तासाभरानं एक फाटा लागतो. उजवी वाट ओढ्याकडं उतरते, डोहावर. डावी वाट वर जाते, डोंगराच्या कुशीत एक तळं हाय तिकडं. त्या तळ्याला नाव नाय. एवढ्याशा डबक्यालापण आमच्यात नाव असतं ताई, पन त्याला नाय. जुनी माणसं नुसतं तिकडं म्हणायची, तिकडं जाऊ नको, एवढंच. का म्हणून विचारलं तर सांगायची नाय. पदूनं एकदा मला सांगितलेलं, तिथं गाडीचा आवाज येत नाय. मी म्हणालो, डोंगर आड येत असंल. तो म्हणाला, असंल.

तीसेक वर्षं झाली. पदूचं लगीन होऊन वरीस झालं व्हतं, जोमी वयनी घरात नवी व्हती. चैत-वैशाखाचे दिवस, ओढ्याचे डोह आटत आलेले, तवा मासं एका जागी गोळा व्हतात. सकाळी मी जाळं घेऊन पुढं निघालो. वयनी भाकऱ्या भाजत व्हती म्हणून पदू थांबला, म्हणाला, तू हो पुढं, मी भाकर घेऊन येतोच. फाट्यावर आलो आन् माझ्या मनात आलं का दरवर्षी त्याच डोहात जाळं टाकायचं, चार बोटाएवढी मासोळी गावायची, वरच्या तळ्यात कुणी जात नाय म्हंजे तिथं केवढाली असतील. लोभ, दुसरं काय. मी कुड्याची फांदी तोडली, ओढ्याच्या वाटेवर आडवी घातली आन् डाव्या वाटेनं वर निघालो.

अर्ध्यात गेलो आसंन आन् गाडीचा आवाज बंद झाला. कमी कमी होत नाय गेला, एकदम बंद, जसा दरवाजा लावावा. पाखरू नाय, पान हलंना. माघारी फिरलो, पन आलेल्या वाटेनं नाय, तिथनंच एक घळ सरळ खाली ओढ्यात उतरत व्हती, तिच्यातनं घसरत घसरत डोहावर आलो. आवाज परत सुरू झाला, मला बरं वाटलं, जाळं टाकलं. फाट्यावरचा टहाळा तसाच ऱ्हायला. माझ्या डोक्यातनंच गेला बगा.

पदूची वाट बगत बसलो. दुपार झाली, तो नाय. म्हटलं गेला असंल कुठं कामाला, कुणी बोलावलं असंल. मासं घेऊन दिवस मावळायला घरी आलो तर वयनी दारात उभी, ती माझ्या मागं बगतेय. म्हणाली, भाऊजी, हे कुठं हायेत, तुमच्या मागोमाग तर निघाले. तवा मला टहाळा आठवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळी वाडी निघाली. मी सगळ्यांच्या पुढं पळालो. लोक म्हणाले, भावासाठी बगा कसा धावतोय. मी फाट्यावर पोचलो, टहाळा तिथंच व्हता, पानं मलूल झालेली, मी तो उचलला आन् करवंदाच्या जाळीत फेकून दिला. मागनं माणसं आली. मी म्हणालो, ओढ्याकडंच गेला असणार, दुसरीकडं कशाला जाईल. दोन दिवस सगळ्यांनी ओढा धुंडाळला, दगड ना दगड उलथा केला. डाव्या वाटेला कुणी गेलं नाय. माझ्यामुळं नाय गेलं. टहाळा चुकून ऱ्हायला ती चूक झाली, ती माणसाकडनं होते, पन उचलून फेकला ती चूक नव्हती ताई. ते मी केलं.

तिसऱ्या दिवशी मी एकटा वर गेलो. भर दुपारची वेळ. तळं मोठं नाय, आमच्या शाळेच्या मैदानाएवढं, पाणी काळं आन् थंड, वैशाखातपण काठोकाठ. काठावर जांभूळ हाय, त्याच्या खालच्या फांदीला भाकरीचं फडकं बांधलेलं, गाठ जशीच्या तशी. खाली त्याच्या चपला, एकीला एक लावून. आमी घरात शिरताना जशा काढतो तशा. मी एकदा हाक मारली, पदू रंऽऽ. चारी बाजूंनी डोंगर हाय, आवाज फिरून यायला पायजे का नको? नाय आला.

मी कशाला हात लावला नाय. घरी आलो आन् खोटं बोललो. म्हणालो, कर्जतच्या बाजारात एक माणूस भेटला, त्यानं पदूला ठेसनात बगितलं, मुंबईच्या गाडीत चढला म्हणं. आई म्हणाली, येईल. ती तेच म्हणत म्हणत मेली. वयनीला म्हायेरची माणसं न्यायला आली, दुसरं लगीन करून देतो म्हणाली, ती गेली नाय. म्हणाली, माझा माणूस जिता हाय, मी कशाला दुसरा करू. तीस वर्षं तिनं कुंकू लावलं, हातात हिरव्या बांगड्या. दर दिवाळीला कुणी मुंबईहून आलं का विचारणार, तिकडं कुणी दिसला का. आन् मी समोर बसून ऐकणार. माझी बायको, पोरं, नातू, सगळं झालं, पन त्या बांगड्या वाजल्या का माझा घास खाली उतरत नसं.

आता हा देसाई सायेब. मोहोपाड्याला कंपनीच्या कॉलनीत ऱ्हातो, चांगला माणूस, माझ्यासंगं सात-आठ वेळा आलाय. मागच्या वर्षी पावसाळा सरला, नवरात्राच्या आसपास आला आन् मोबाईल पुढं केला. त्यात वरनं काढलेला डोंगराचा फोटो असतो ना, तो. म्हणाला, चांगू, हे निळं काय हाय रे, याला नाव कसं नाय? मी बगितलं आन् लगेच वळखलं. म्हटलं, कातळ हाय सायेब, सावली पडलीय. तो बोटानं मोठं मोठं करत ऱ्हायला. म्हणाला, पाणीच हाय, तू येत नसशील तर मी एकटा जातो, यात वाट दिसते. एकटा जातो म्हणाला तिथं मी हरलो. एक माणूस माझ्यापायी तिकडं एकटा गेलेला, आता दुसरा कसा जाऊ देऊ? मी म्हणालो, चला.

सकाळी नऊला फाट्यावर व्हतो. दोन्ही वाटा मोकळ्या. मी नीट बगितलं, तुमाला म्हणून सांगतो, दोन्ही वाटांवर काय नव्हतं. वर गेलो. त्याच जागी गाडीचा आवाज बंद झाला. सायेब म्हणाला, वा, काय शांतता हाय.

जांभूळ तसंच उभं. फडकं नाय, चपला नाय, तीस वर्षांत काय ऱ्हाणार. सायबानं काठी जोडली, गळ टाकला. थोड्या वेळानं ओढ लागली, जोराची नाय, कुणी बोटानं ओढून बगावं तशी. त्यानं चाक फिरवलं, दोरी आली, गळ नाय. म्हणाला, तुटला. दुसरा बांधला. तोपण गेला. तिसरा त्यानं चांगला दोनदा आवळून बांधला, मला दाखवून बांधला. तो गेल्यावर त्यानं दोरीचं टोक डोळ्याजवळ नेलं, मंग माझ्यापुढं धरलं. मला म्हणाला, चांगू, हे बघ. दोरी तुटली नव्हती ताई. गाठ सोडवली व्हती. जिथं आवळलेली तिथं दोरीला वळ व्हता, टोक साबूत. मासा काय गाठ सोडवतो का? सायबानं काठी गुंडाळली, म्हणाला, चल, जाऊया.

फाट्यावर आलो. आन् घरच्या वाटेवर, ज्या वाटेनं दोन-तीन तासांपूर्वी आमी वर आलो त्याच वाटेवर, आडवा टहाळा. कुड्याचा. तोडल्या जागेतनं पांढरा चीक अजून गळत व्हता, खाली पानावर थेंब पडत व्हते. आजूबाजूला चिटपाखरू नाय.

सायेब म्हणाला, पाला पडलाय, चल की. आन् त्यानं पाय उचलला. मी त्याच्या छातीला हात लावून धरला. मी कधी सायबांना हात लावत नाय. तो म्हणाला, काय झालं रे? मी म्हणालो, ही वाट नाय आपली. तो मोबाईल दाखवतोय, हीच हाय, हीच हाय. मी उभा. माझ्या मनात काय चाललंय ते त्याला काय कळणार? तीस वर्षांपूर्वी माझा टहाळा खोटा ठरला आन् माणूस त्याचं ऐकून गेला. आता हा माझ्या वाटेत पडलाय. याचं ऐकावं तर मला कुठं नेतोय कुणास ठाऊक. नाय ऐकावं तर कुठल्या तोंडानं? भावानं माझं ऐकलं व्हतं. मी म्हणालो, सायेब, चालायचं असंल तर माझ्या मागं चला.

ओढ्याच्या वाटेलाबी नाय गेलो, तिच्या बाजूला करवंदाच्या जाळीत एक फट पडलेली, मी तिथं कधी वाट बगितली नाय, आन् मी या डोंगरातच म्हातारा झालोय. पायाखाली माती दाबलेली, रोजच्या चालीची. काटा लागला नाय का फांदी अंगावर आली नाय. अर्ध्या तासात उतरलो ते थेट वयनीच्या घराच्या मागच्या आंगणात.

वयनी सुपात नाचणी पाखडत बसली व्हती. आमाला बगून म्हणाली, त्या अंगानं कसे आलात, तिकडनं तर वाट नाय. मी मागं वळून बगितलं. जाळी दाट, कोंबडी शिरायची नाय एवढी.

सायेब पाणी प्याला आन् गाडी घेऊन गेला. त्यानंतर त्याचा फोन नाय. मी आंगणात बसलो आन् सगळं सांगितलं. टहाळा घातला ते, फेकला ते, बाजारातला माणूस खोटा ते, फडकं, चपला, सगळं. तिचं सूप चालूच. मला वाटलं आता सूप फेकून मारंल, मारलं असतं तर बरं झालं असतं. माझं संपलं तवा तिनं एवढंच विचारलं, भाऊजी, फडक्याची गाठ सोडलेली व्हती का? मी म्हणालो, नाय वयनी, जशी तुमी बांधली तशीच.

मंग तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, म्हंजे उपाशी गेला. मी इथं तीस वर्षं म्हणतेय, तिकडं कुठंतरी जेवत असंल.

ताई, त्या बोलण्यानं मी रडलो, ती रडली नाय.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार व्हता. तिनं भाकऱ्या भाजल्या, फडक्यात बांधल्या आन् निघाली. मी म्हणालो, मी येतो संगं. म्हणाली, तुमी यायचं नाय. चढली एकटी, या वयात. दुपार कलायच्या आत आली. फडकं रिकामं, धुऊन पिळून आणलेलं. आन् हातात मासं, वेलीत ओवलेलं, चांगली हातभर लांब मरळ दोन. वयनीला मासं धरता येत नाय ताई. गळ नाय, जाळं नाय, तिनं कधी पाण्यात पाय घातलेला मी बगितला नाय. मी विचारलं, कुणी धरलं? तर चुलीकडं वळली.

तवापासनं दर शुक्रवारी जाते. कुंकू पुसलं नाय, बांगड्या हातात हायेत. तब्येत सुधारलीय उलट, वाडीतल्या बाया म्हणतात, जोमी आता हसते. देवानं तिला असंच ठेवावं, माझं आयुष्य तिला लागो, मी दुसरं काय मागू. तळ्यावर मी आता कुणाला नेत नाय, कुणी मोबाईल दाखवला तर खालापूरच्या खाणीवर नेतो.

आन् शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागायच्या टायमाला ती माझ्या दारात येते, हातात झाकलेली थाळी. म्हणते, भाऊजी, तुमचा वाटा, त्यानं धाडलाय. आमच्यात पाण्यात माणूस गेलं का त्या पाण्यातलं मासं कुणी खात नाय, माझी बायको तर त्या थाळीकडं बगतबी नाय, पोरं बाहेर जातात. वयनी माझ्यासमोर बसते आन् मी पुरं संपवीपर्यंत उठत नाय. मी जेवतो. मीठ कमी असतं कधी कधी, पन मी मागत नाय.